क्रोन्स: ऑपरेशन नेहमी शेवटीच का?

“औषधांवर भागतंय तोवर पोटाला सुरी लावून घ्यायची नाही.” आतड्याचं दुखणं निघालं की घरातलं कुणीतरी वडीलधारं हे म्हणतंच. क्रोन्स या आजाराच्या बाबतीत डॉक्टरही बरीच वर्षं थोड्या सभ्य शब्दांत हेच सांगत आले. आधी गोळ्या, त्या पुरल्या नाहीत तर जास्त जहाल गोळ्या, मग महागडी इंजेक्शनं, आणि सगळे उपाय थकले की ऑपरेशन. हा क्रम इतका अंगवळणी पडलेला, की तो कधी आणि कशावरून ठरला हे फारसं कुणी विचारत नसे.

अलीकडे पेशंटची वेगळीच पंचाईत होते. पोटविकारतज्ज्ञ म्हणतात, इंजेक्शन सुरू करू. दुसरं मत घ्यायला गेलं तर सर्जन म्हणतात, आजार एवढ्याशा तुकड्यात आहे, काढून टाकू. दोघांच्याही बोलण्यात तथ्य, दोघांकडेही शोधनिबंध. घरी परतताना रिक्षातच चर्चा सुरू होते की यातला एक जण नक्की आपल्याला गंडवतोय. बहुतेक वेळा कुणीच गंडवत नसतं. काही पेशंटच्या बाबतीत दोन्ही वाटा आज खरोखरच खुल्या आहेत. ते पेशंट कोणते, हे कळायला मात्र आजाराची थोडी ओळख हवी.

## आतड्यात नेमकं काय बिघडतं

क्रोन्स म्हणजे पचनमार्गाला येणारी आणि वर्षानुवर्षं रेंगाळणारी सूज. हा कॅन्सर नाही, एकाचा दुसऱ्याला लागणाराही नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वतःच्या आतड्यावर उलटते. आनुवंशिकता, आतड्यातले जिवाणू, सिगारेट अशा अनेकांचा त्यात हात असतो. पण ‘अमुक खाल्लं म्हणून झालं’ असं कुठल्याही एका पेशंटला ठामपणे सांगता येत नाही. सुरुवात बहुधा ऐन तारुण्यात होते. पोटात कळा, जुलाब, बारीक ताप, उतरत जाणारं वजन.

आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण त्याची आवडती जागा ठरलेली आहे: लहान आतडं जिथं मोठ्या आतड्याला मिळतं तो सांधा. पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, अपेंडिक्सच्या अगदी शेजारी. म्हणून ‘अपेंडिक्स’ म्हणून पोट उघडलं आणि आत सुजलेलं लहान आतडं दिसलं, असे किस्से सर्जन मंडळींकडे असतातच.

या सुजेचे दोन गुण पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी आहेत. एक, ती सलग नसते. एक पट्टा आजारी, मधला निरोगी, पुढचा पुन्हा आजारी, असं असू शकतं. दोन, ती आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती न राहता भिंतीच्या आरपार जाते. आरपार गेलेली सूज काही वर्षांनी दोनांपैकी एक वळण घेते. कधी भिंतीत जखमेचा कडक वण धरून आतडं अरुंद होतं. या अरुंद झालेल्या जागेला स्ट्रिक्चर म्हणतात. कधी भिंतीला भोक पडून शेजारच्या आतड्यात, मूत्राशयात किंवा कातडीपर्यंत वाट तयार होते, ती फिस्टुला. गुदद्वाराजवळ झाली तर तिलाच आपण भगंदर म्हणतो. वारंवार ऑपरेशन करूनही उलटणाऱ्या भगंदरामागे कधीकधी न ओळखलेला क्रोन्स निघतो.

पावसाळ्यात भिंतीला ओल येते, ती डोळ्यांसमोर आणा. ओल ताजी असताना गळती थांबवली तर भिंत आपसूक वाळते. दोन-तीन पावसाळे तसेच गेले आणि गिलावा फुगून पोपडे सुटले, की नंतर गळती थांबवूनही तो गिलावा पहिल्यासारखा होत नाही. खरवडून नवा मारावा लागतो. आणि गळती तशीच ठेवून नुसता नवा गिलावा मारला, तर पुढच्या वर्षी शेजारी पुन्हा ओल. औषध गळती थांबवतं. ऑपरेशन बिघडलेला गिलावा काढतं. ज्याला ज्याची गरज, त्याला ते मिळायला हवं. भांडण होतं ते ओल ताजी आणि भिंतीच्या एकाच कोपऱ्यात असते तेव्हा. कारण तिथं दोन्ही चालतं.

## ‘ऑपरेशन शेवटी’ हा नियम आला कुठून

गंमत म्हणजे सुरुवात उलटी झाली होती. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई हॉस्पिटलमधल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये १४ पेशंटची माहिती प्रसिद्ध केली. त्या काळात या आजारावर औषध नव्हतंच. आजारी तुकडा काढला की पेशंट बरा, अशी तेव्हाची उमेद. पुढच्या काही वर्षांत तेच पेशंट परत येऊ लागले. आजार पुन्हा दिसायचा तो बहुतेक वेळा नव्या जोडाच्या वरच्या अंगाला.

१९५६ च्या जूनमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं आतडं याच आजारानं अडलं आणि घाईनं ऑपरेशन करावं लागलं. सर्जननी आजारी तुकडा काढला नाही, त्याला वळसा घालून वरचं आतडं थेट मोठ्या आतड्याला जोडलं. आयझेनहॉवर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवडणूक जिंकले. तो वळसा आता सहसा घालत नाहीत. आजारी आतडं आत तसंच राहतं आणि कुरबुरत राहतं.

ऑपरेशननंतर आजार परततो हे पक्कं कळल्यावर सर्जन सावध झाले. त्यातून ‘जास्त कापलं तर मूळ निघेल’ अशीही एक समजूत होती. ती १९९६ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या चाचणीनं मोडली. आजारी भागापलीकडे निरोगी आतड्याची २ सेंटिमीटर पट्टी काढली काय आणि १२ सेंटिमीटर काढली काय, आजार परतण्यात फरक पडला नाही. तेव्हापासून हात आखडता घेऊनच कापायचं, हा शिरस्ता.

मग १९९८ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब आलं. सूज पेटवणाऱ्या टीएनएफ नावाच्या रसायनाला थेट बांधून ठेवणारं, जिवंत पेशींमध्ये तयार केलेलं हे औषध. अशा औषधांना बायोलॉजिक म्हणतात. स्टेरॉइडवर वर्षं काढलेल्या लोकांना त्यानं उभं केलं. इतकं गुणकारी औषध हातात आल्यावर ऑपरेशन आणखी मागं ढकललं गेलं, यात नवल नाही.

## औषधं काय करू शकतात, काय नाही

स्टेरॉइड भडकलेली सूज पटकन शमवतात. पण ती आग विझवण्यापुरतीच. महिनोन्महिने घ्यायची नसतात. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि आजार परतणं त्यांनी थांबत नाही. आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून स्टेरॉइडच्या गोळ्या मेडिकलमधून पुन्हा पुन्हा आणणारे पेशंट कमी नाहीत. त्यांना बरं वाटतं, आणि भिंतीत वण वाढत राहतो.

अझाथायोप्रिन ही दुसरी जुनी गोळी. स्वस्त आहे, पण असर दिसायला दोन-तीन महिने लागतात. भारतीयांमध्ये आणि एकूणच आशियाई लोकांमध्ये एनयूडीटी१५ या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार बऱ्यापैकी आढळतो. तो असेल तर या गोळीनं पांढऱ्या पेशी झपाट्यानं घसरतात, केसही पुंजक्यानं गळतात. सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टर सारखं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला लावतात ते उगाच नाही.

बायोलॉजिकमध्ये इन्फ्लिक्सिमॅबची ड्रिप असते: पहिली, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, त्यानंतर दर आठ आठवड्यांनी. अ‍ॅडॅलिम्युमॅब दर दोन आठवड्यांनी घरच्या घरी पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचून घेता येतं. त्यानंतर वेगळ्या मार्गानं सूज रोखणारी व्हेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब, रिसॅन्किझुमॅब ही आली, आणि उपाडॅसिटिनिबसारखी तोंडानं घ्यायची गोळीही आली.

ही औषधं कधी द्यायची यावर २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ‘प्रोफाइल’ चाचणीनं मोठा उजेड पाडला. नुकतंच निदान झालेल्या ३८६ पेशंटपैकी निम्म्यांना थेट इन्फ्लिक्सिमॅब आणि जोडीला प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी. उरलेल्यांना नेहमीची पायरी-पायरीची पद्धत, तीही जरा घाईनं चढवलेली. ४८ आठवड्यांनी स्टेरॉइडशिवाय आणि ऑपरेशनशिवाय आजार शांत राहिलेले पहिल्या गटात ७९ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के. पोटाचं तातडीचं ऑपरेशन पहिल्या गटात एकाला लागलं, दुसऱ्यात दहांना. थोडक्यात, औषध द्यायचंच तर जोरकस आणि लवकर द्या. ‘आधी हलकं बघू’ हा पेशंटच्या भल्याचा वाटणारा सल्ला या आजारात बऱ्याचदा वेळ खातो.

पण घट्ट झालेला वण कुठलंही औषध विरघळवत नाही. जेवणानंतर तासाभरात पोट फुगून कळा येणं, गुरगुरणं, उलटी झाली की बरं वाटणं, ही स्ट्रिक्चरची लक्षणं. अशा वेळी इंजेक्शनामागून इंजेक्शन देत राहणं म्हणजे पैसा आणि महिने दोन्ही घालवणं. अडचण एवढीच की एकाच अरुंद जागेत थोडी सूज आणि थोडा वण असं मिश्रण असतं, आणि एमआरआयवरही ते दर वेळी स्वच्छ वेगळं करता येत नाही. तिथं अनुभवी रेडिओलॉजिस्टचं मत सोन्यासारखं असतं.

## दोघांना समोरासमोर उभं केलं तेव्हा

२००८ पासून नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या २९ हॉस्पिटलांनी एक धाडसी प्रयोग केला. ‘लिरिक’ नावाची ही चाचणी. १४३ पेशंट निवडले. सगळ्यांचा आजार त्याच सांध्यापाशी, ४० सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीत. स्ट्रिक्चरमुळे आतडं अडलेलं नाही, पू साचलेला नाही. आणि स्टेरॉइड, अझाथायोप्रिनसारखी नेहमीची औषधं घेऊन झालेली. चिठ्ठ्या टाकल्यासारखं निम्म्यांना इन्फ्लिक्सिमॅब, निम्म्यांना दुर्बिणीतून ऑपरेशन.

ऑपरेशन म्हणजे काय, तेही पाहू. पोटावर तीन-चार छोटी छिद्रं आणि बेंबीजवळ एक लहान छेद. आत आजारी आतडं लगेच ओळखू येतं. आतड्यामागची पिवळी चरबी त्याच्यावर चढून त्याला जवळजवळ गुंडाळून टाकते. निरोगी आतड्यावर ती अशी चढत नाही. सर्जन बोटांनी चाचपून जाड झालेली भिंत कुठं संपते ते पाहतात, तेवढाच तुकडा आणि त्याला लागून असलेलं मोठ्या आतड्याचं तोंड काढतात, आणि दोन्ही टोकं टाके घालून किंवा स्टेपलरनं जोडतात. अपेंडिक्सही त्याच तुकड्याबरोबर जातं.

वर्षभरानं जगण्याचा दर्जा मोजणारी प्रश्नावली भरून घेतली. ३२ ते २२४ अशी तिची पट्टी, जास्त म्हणजे चांगलं. ऑपरेशनवाल्यांची सरासरी १७८, इन्फ्लिक्सिमॅबवाल्यांची १७२. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं बरोबरी. २०१७ मध्ये हा निकाल आला आणि ‘शेवटचा उपाय’ म्हणून ठेवलेला गडी पहिल्या फळीतल्या गड्याशी बरोबरीत सुटला, हीच बातमी होती.

खरी चुरस पुढं दिसली. साधारण पाच वर्षांनी त्याच पेशंटचा माग काढला. ऑपरेशन झालेल्या ६९ जणांपैकी १८ जणांना, म्हणजे २६ टक्क्यांना, पुढं टीएनएफ रोखणारं इंजेक्शन लागलं. दुसऱ्यांदा आतडं कापावं लागलेला एकही नाही. इन्फ्लिक्सिमॅबवर सुरुवात केलेल्या ६५ जणांपैकी ३१ जणांवर, म्हणजे ४८ टक्क्यांवर, ऑपरेशनची वेळ आलीच. डेन्मार्कमधल्या राष्ट्रीय नोंदी चाळून २०२३ मध्ये झालेल्या अभ्यासातही कल त्याच दिशेचा होता: सुरुवातीलाच ऑपरेशन झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पाच वर्षांनी क्रोन्सच्या कुठल्याही औषधावर नव्हते. त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, आणि कापण्याजोगे, तब्येतीनं बरे पेशंटच ऑपरेशनसाठी निवडले गेले असणार, हे लक्षात ठेवायला हवं.

युरोपातल्या आणि ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनी आता हे मान्य केलंय: आजार लहान आतड्याच्या शेवटच्या छोट्या तुकड्यापुरता असेल, तर लवकर ऑपरेशन हा औषधाइतकाच योग्य पर्याय म्हणून पेशंटसमोर ठेवावा.

## मग ‘प्रोफाइल’ खरी की ‘लिरिक’?

इथंच दोन डॉक्टरांची तोंडं दोन दिशांना होतात. पोटविकारतज्ज्ञ ‘प्रोफाइल’ दाखवतात, सर्जन ‘लिरिक’. पण दोन्ही चाचण्यांतले पेशंट वेगळे. ‘प्रोफाइल’मध्ये निदान ताजं होतं, आजार कुठंही असला तरी घेतलं होतं, आणि औषधाची तुलना औषधाशीच होती. ‘लिरिक’मध्ये साधी औषधं हरलेली होती, आजार एकाच कोपऱ्यात होता, आणि ऑपरेशन सराव असलेल्या हातांनी केलेलं होतं. शिवाय इन्फ्लिक्सिमॅब थकल्यावर द्यायची जी नवी औषधं आज आहेत, ती तेव्हा बहुतेकांना उपलब्ध नव्हती. एका चाचणीनं दुसरीला खोटं पाडलेलं नाही.

माझं मत विचाराल तर ‘लिरिक’नं दाखवलेली सगळ्यात मोलाची गोष्ट आकड्यांच्या पलीकडची आहे. ऑपरेशन वेळेवर, शांतपणे, धडधाकट माणसावर केलं तर ते बरंच सुरक्षित असतं. त्याची जी बदनामी आपल्याकडे आहे, ती बरीचशी ‘शेवटी’ केल्यामुळे झालेली आहे. पेशंट सर्जनकडे येतो तेव्हा वजन दहा-पंधरा किलो उतरलेलं, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरलेलं, महिनोन्महिने स्टेरॉइड चालू, पोटात पू. अशा शरीरात घातलेला जोड सुटण्याचा धोका जास्त, आणि मग शौचासाठी पोटावर पिशवी लावायची वेळ येते. शेजारीपाजारी सांगतात, ‘बघा, ऑपरेशन केलं आणि हाल झाले.’ हाल उशिरानं केले, हे कुणी सांगत नाही.

## आपल्याकडचा जास्तीचा पेच: टीबी

युरोपातल्या डॉक्टरला जो प्रश्न क्वचित पडतो तो मुंबई-पुण्यातल्या डॉक्टरला रोज पडतो. आतड्याचा टीबी. त्याचीही आवडती जागा तोच सांधा. तीच कळ, तोच ताप, तेच वजन उतरणं, कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्यात घातलेल्या दुर्बिणीतून) तसेच व्रण, म्हणजे उघड्या जखमा, आणि बायोप्सीसाठी काढलेल्या तुकड्यातही कधीकधी सारखेच दिसणारे पेशींचे पुंजके. टीबीचा जंतू तुकड्यात सापडला तर प्रश्न मिटला, पण तो पुष्कळदा सापडत नाही.

अशा वेळी डॉक्टर टीबीची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकून पाहतात. व्रण भरले असतील तर टीबी. नसतील तर बहुधा क्रोन्स. इथं एक खाचखळगा आहे. नुसतं ‘बरं वाटतंय’ यावर विसंबायचं नाही, कारण क्रोन्सच्या पेशंटलाही या औषधांवर सुरुवातीला थोडं बरं वाटू शकतं. व्रण भरलेले डोळ्यांनी दिसायला हवेत. टीबी समजून सहा-नऊ महिने काढले आणि आजार निघाला क्रोन्स, तर तेवढ्या काळात स्ट्रिक्चर पक्कं होऊन बसतं.

उलटी चूक त्याहून घातक. टीएनएफ हे रसायन शरीरात दबून बसलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवायलाही मदत करतं. ते रोखलं की जंतू मोकळे. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या ७० पेशंटची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हापासून बायोलॉजिकआधी छातीचा एक्स-रे, मांटू चाचणी किंवा रक्ताची इग्रा तपासणी सक्तीची झाली. दबलेला टीबी निघाला तर आधी त्याची औषधं, मग इंजेक्शन. व्हेडोलिझुमॅब प्रामुख्यानं आतड्यापुरतंच काम करतं, त्यामुळे टीबीची भीती असलेल्यांसाठी त्याचा विचार होतो.

आणि ऑपरेशनचं एक जास्तीचं दान: काढलेला पूर्ण तुकडा पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर जातो. चिमूटभर बायोप्सीत जे कळलं नाही ते तिथं बऱ्याचदा कळतं.

टीबीशी जोडलेला आणखी एक धागा सांगण्याजोगा आहे. अरुंद जागा न कापता, तिला लांबीच्या दिशेनं उभा छेद देऊन आडवी शिवायची, म्हणजे आतडं न गमावता वाट रुंद होते. या स्ट्रिक्चरप्लास्टी नावाच्या युक्तीचा वापर भारतीय सर्जन कटारिया आणि सहकाऱ्यांनी टीबीच्या स्ट्रिक्चरसाठी केला आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या सर्जननी तीच क्रोन्ससाठी उचलली. आज एकाच पेशंटच्या आतड्यात पाच-सहा ठिकाणी अरुंद जागा असतील, तर ती पद्धत जगभर आतडं वाचवते.

## “एकदा कापलं की कापतच राहावं लागतं”

ही सगळ्यात मोठी भीती, आणि पूर्ण खोटी नाही. ऑपरेशननं क्रोन्स जात नाही. नंतर काहीच औषध दिलं नाही, तर वर्षभरात बहुतेकांच्या जोडापाशी दुर्बिणीतून पुन्हा व्रण दिसतात. बेल्जियममधल्या रुटगर्ट्स यांच्या १९९० च्या अभ्यासात हे प्रमाण ७३ टक्के होतं. पण त्रास सुरू झालेले पेशंट त्या वेळी जेमतेम पाचांत एक. म्हणजे आजार आधी गुपचूप परततो आणि कळा मागाहून येतात. या मधल्या काळातच त्याला गाठायचं असतं.

म्हणून ऑपरेशननंतर सहा महिने ते वर्षाच्या आत कोलोनोस्कोपी ठरलेलीच. डॉक्टर जोडाच्या वरच्या बाजूचे बारीक व्रण अक्षरशः मोजतात. पाचपर्यंत असले तर बहुधा वाट पाहायची. त्याहून जास्त असले तर औषध सुरू करायचं किंवा वाढवायचं. ‘मला काही होत नाही, मग दुर्बीण कशाला?’ म्हणून ही तपासणी टाळणारे खूप. तेच पुढं दुसऱ्या ऑपरेशनच्या रांगेत दिसतात. ज्यांना परतण्याचा धोका जास्त (सिगारेट ओढणारे, आधी ऑपरेशन झालेले, भोक पडण्याचा प्रकार असलेले) त्यांना व्रणांची वाट न पाहता औषध लगेच सुरू करतात. सिगारेट चालू ठेवली तर आजार परतण्याची शक्यता सुमारे दुप्पट. एवढ्या महाग उपचारांच्या यादीत फुकटचा उपाय हा एकच.

लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. पंचवीस-तीस सेंटिमीटर गेल्यानं माणूस उपाशी मरत नाही. आतडं कमी पडण्याचा प्रश्न गंभीर होतो तो दोन मीटरपेक्षा कमी उरलं तर, आणि तिथपर्यंत माणूस पोचतो तो बहुतेकदा वारंवार, घाईत झालेल्या ऑपरेशनांनी. मात्र लहान आतड्याच्या त्या शेवटच्या तुकड्याची दोन खास कामं असतात: बी१२ शोषून घेणं आणि पित्त परत खेचणं. तो तुकडा मोठा गेला असेल तर बी१२ ची इंजेक्शनं घ्यावी लागतात. पित्त मोठ्या आतड्यात उतरल्यानं काहींना जेवणानंतर पातळ शी होत राहते. तिला आजार परतला समजून घाबरू नये, त्यावर पित्त बांधून ठेवणारी पावडर मिळते.

पिशवीची भीतीही बऱ्याचदा अनाठायी. सांध्यापाशी ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये बहुतेकांना पिशवी लागत नाही. लागली तरी सहसा काही महिन्यांपुरती.

## “आणि इंजेक्शन जन्मभर?”

हाही प्रश्न रास्त आहे. बायोलॉजिकची व्यसनासारखी सवय लागत नाही, पण थांबवलं की आजार परतण्याची शक्यता मोठी असते. मध्येच सोडून पुन्हा सुरू केलं तर शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं, आणि मग ते लागू पडेनासं होतं. एखादी ड्रिप चुकवणं म्हणूनच महागात पडतं.

पैशांचं गणित उघडपणे मांडू. इन्फ्लिक्सिमॅब वजनावर देतात, किलोमागे ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दर वेळी ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या तीन बाटल्या. पहिल्या वर्षी आठ वेळा, म्हणजे चोवीस. पुढं दर वर्षी साधारण वीस. २०१४ मध्ये भारतीय कंपनी झायडसनं अ‍ॅडॅलिम्युमॅबची आपली आवृत्ती मूळ औषधापेक्षा खूपच कमी किमतीत आणली आणि तेव्हापासून ही औषधं मध्यमवर्गाच्या थोडी आवाक्यात आली. तरी वर्षानुवर्षं चालणारा खर्च आणि एकदाचा खर्च यांत फरक राहतोच. ‘लिरिक’च्या हिशेबातही ऑपरेशनच स्वस्त पडलं होतं. ऑपरेशनचा खर्च मेडिक्लेममध्ये सहसा बसतो. ड्रिप डे-केअरमध्ये धरतात का, घरी टोचायचं इंजेक्शन धरतात का, हे पॉलिसीगणिक बदलतं. ते एजंटच्या तोंडी भरवशावर न ठेवता कंपनीकडून लेखी मागवा.

## कोणाला काय

ज्यांना निवड करायची मोकळीक नसते, त्यांची गोष्ट सोपी. आतडं पूर्ण अडलंय, फुटलंय, रक्तस्राव थांबत नाही, तिथं सर्जनच. पोटात पू असेल तर आधी कातडीतून नळी घालून तो काढायचा, अँटिबायोटिक आणि पोषण देऊन पेशंटला सावरायचं, मग काही आठवड्यांनी ठरवून ऑपरेशन. उलट आजार लहान आतड्याच्या मीटर-दीड मीटरमध्ये विखुरलेला असेल, किंवा आधीच दोनदा आतडं गेलेलं असेल, तर औषधांवरच सगळा जोर. गुदद्वाराच्या क्रोन्समध्ये भगंदर सरसकट कापून मोकळं करणं धोक्याचं, शौचावरचा ताबा जाऊ शकतो. तिथं सर्जन सैल धागा ओवून पू वाहता ठेवतात आणि जोडीला बायोलॉजिक देतात. दोघांनी मिळून करायचं काम आहे ते. लहान मुलांत तर सहा ते आठ आठवडे फक्त विशिष्ट द्रव आहारावर ठेवणं हाच पहिला उपचार ठरतो, कारण स्टेरॉइडनं वाढ खुंटते.

खरी निवड उरते ती मधल्या पेशंटची: छोटा तुकडा, सांध्यापाशी, अडलेला नाही, साध्या औषधांना दाद न देणारा. त्यानं कशाकडे पाहावं? नोकरी फिरतीची असेल आणि दर आठ आठवड्यांनी ड्रिप जमणार नसेल, टीबी होऊन गेलेला असेल, येत्या वर्षात मूल हवं असेल आणि त्याआधी आजार शांत करायचा असेल, तर ऑपरेशनचं पारडं जड होतं. क्रोन्सची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन जवळपास नसेल, इतर आजारांमुळे भूल जोखमीची असेल, किंवा निदान अगदी ताजं असेल, तर औषधाचं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला सांगा. मोठ्या हॉस्पिटलांत आता पोटविकारतज्ज्ञ, सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून असे पेशंट ठरवतात.

काहीही ठरलं तरी एमआरआयची सीडी, प्रत्येक कोलोनोस्कोपीचा फोटोंसह रिपोर्ट आणि बायोप्सीचे तुकडे जपलेले मेणाचे ठोकळे कुठल्या लॅबमध्ये आहेत त्याची नोंद एका फाइलमध्ये ठेवा. ऑपरेशन झालं तर डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: लहान आतडं किती सेंटिमीटर काढलं, किती उरलं, आणि जोड कुठल्या पद्धतीनं घातला. पुढच्या कुठल्याही डॉक्टरला सगळ्यात आधी हेच विचारायचं असतं, आणि बहुतेक कार्डांवर ते लिहिलेलं नसतं.